झाला का?

विश्रामबागेत चौगुल्यांच्या दुकानात
चार हजार सातशेला घेतला, दोनशेची घासाघीस करून,
वर रेक्झिनचं पाकीट फुकट.
"हिरव्या चौकोनावर ठेवा," जिनेंद्र चौगुले म्हणाला,
"नि त्या चाकाला हात लावू नका. म्हशीलाही जमंल."
साबणाच्या वडीएवढा, चंदेरी.
बेडगला पोचेपर्यंत एसटीत
तीनदा बाहेर काढला, तीनदा पुसला.

आठ दिवसांत तो माझा उरला नाही.

होवाळे सिस्टर पोलिओच्या रविवारी घेऊन गेल्या.
परत देताना म्हणाल्या, हलका आहे, पर्समध्ये मावतो,
पण बाळं सगळी रडतानाच आलीत.
मी म्हटलं, त्यात कॅमेऱ्याची काय चूक?
म्हणाल्या, मी बटण दाबलं तेव्हा
थेंबसुद्धा पडला नव्हता तोंडात.

ढोबळे डॉक्टरांना विम्याच्या म्हशींसाठी हवा होता.
कानातल्या बिल्ल्याचा नंबर लख्ख येतो, म्हणाले,
आला तर.
पाच म्हशींनी कान फिरवलेत
नि एकीचं नुसतं शेपूट आहे.
"कंपनीला काय शेपटाचा विमा मागू?"

बसगोंडा आडत्यानं मार्केट यार्डात
हळदीच्या ढिगावर धरून बघितला.
पोत्यावरनं खाली पडला, तरी चालू.
"मजबूत हाय. पण ह्याच्यात
सेलम घाला, गावठी घाला, समदी राजापुरीच दिसती.
इकणारा खूश, घेणारा माझ्या नावानं शंख करणार.
मी दोघांचा माणूस. न्हे बाबा परत."

मिरजेचे बंदेनवाज, सतारीचे भोपळे कोरणारे,
त्यांची मात्र तक्रार नाही.
त्यांची वस्तू हलत नाही.

सेलचं म्हणाल तर दोन पेन्सिल सेल,
कुठल्याही टपरीवर मिळतात, लाईट गेली तरी अडत नाही.
संपले की उन्हात पत्र्यावर ठेवायचे,
आणखी चार फोटो निघतात. कधी तीन.
फक्त सेल बदलले की घड्याळ मागं जातं,
नि फोटोच्या कोपऱ्यात केशरी आकड्यांत
एक जानेवारी.
आमच्याकडं दोन वर्षं एक जानेवारीच चालू होती.
बेंदूर एक जानेवारीला. शेवंताचं बारसं एक जानेवारीला.

आण्णांचं मत कोणी विचारलं नव्हतं.
पानमळ्यात वेलाशेजारी उभे राहिले,
टोपी सरळ केली, वरचं बटण लावलं,
तोंड असं मिटलं की रेशनकार्डावरचा माणूस.
मी दाबलं.
काहीच वाजलं नाही.
"झाला का?" म्हणाले,
नि हात सवयीनं वर गेला, पिकलेल्या पानाकडं.
तेव्हा वाजलं.

बिघडला म्हणून पुसणार होतो.
दुसरा काढू म्हटलं, तर सेल गेले,
नि ऊन उतरलं होतं.

मग घरी बसून सगळे फोटो एकदा लावून पाहिले.
सगळ्यांची तोंडं तशीच, थोडी उघडी.
मामी, सरपंच, सोसायटीचा सेक्रेटरी,
लग्नातली नवरी, अंतरपाटामागचा नवरा,
सगळे एकच विचारतायत.

दहाव्याच्या आत मोठा करून हवा होता.
मिरजेच्या स्टुडिओतल्या पोरानं पडद्यावर आण्णांना पसरलं,
कोपऱ्यातली एक जानेवारी न विचारताच पुसली,
मग म्हणाला, "तोंड मिटवून देऊ का?
कॉम्प्युटरवर होतंय. पन्नास रुपये जादा."
मी म्हटलं, नको.
"हात तरी खाली घेतो. बरं दिसंल."
नको.

परवा सोनीचा एकजण विचारत होता,
तुमचा तो डबडा कसा आहे, जुना मिळतोय, घेऊ का?
म्हटलं, घ्या. स्वस्त आहे, सोपा आहे,
पडला तरी फुटत नाही.
एवढंच, की दाबल्यावर
हात लगेच खाली घेऊ नका.